शिलाई मशीनचा पायडल संगणकावर चालवूया : यंत्राच्या जुळणीचे सिम्युलेशन कसे मांडावे



दहावीनंतर आयटीआयला किंवा तंत्रनिकेतनात गेलेल्या मुलांना डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक काम हमखास करावे लागते. यंत्राचे सुटे भाग काढायचे, ते एकमेकांना जोडायचे आणि जोडलेले यंत्र पडद्यावर हलवून दाखवायचे. भाग जोडून तयार झालेल्या यंत्राला जुळणी किंवा असेंब्ली म्हणतात. ती पडद्यावर हलवून तपासण्याला मोशन सिम्युलेशन म्हणतात.

बरीच मुले हे काम बटणांच्या क्रमाने पाठ करतात. इथे क्लिक, तिथे क्लिक, मग प्ले. चाक फिरले की काम झाले! पण पडद्यावर चाक फिरले म्हणजे खरे यंत्र चालेल असे नाही. सॉफ्टवेअर आपण सांगू तेवढेच ऐकते. आपण जे सांगायचे विसरलो, ते त्याच्या दृष्टीने जगात नसतेच. म्हणून आज बटणांपेक्षा त्यामागचा विचार समजून घेऊ. उदाहरण घरातलेच घेऊ : पायाने चालवायची शिलाई मशीन.

१. आधी यंत्र नीट पाहू

शिंपीकाका मशीन चालवतात तेव्हा पाय पायडलवर असतो. पायडल पुढे-मागे झुलतो. त्याच्या कडेला एक उभी दांडी जोडलेली असते. तिला आपण जोडदांडी म्हणू. जोडदांडीचे वरचे टोक मोठ्या चाकावर, पण चाकाच्या मध्यापासून थोडे बाजूला, एका खिळीवर बसवलेले असते. पायडल झुलला की जोडदांडी वर-खाली होते आणि चाक गोल फिरते. म्हणजे झुलण्याचे फिरणे होते.

यात मोजून चार भाग आहेत :

१) चौकट. म्हणजे मशीनचा लोखंडी स्टँड. हा हलत नाही.
२) चाक. मध्य ते खिळी एवढाच भाग आपल्या कामाचा. याला क्रँक म्हणतात.
३) जोडदांडी.
४) पायडल. त्याचा अक्ष ते जोडदांडीचा जोड एवढे अंतर महत्त्वाचे.

चार भाग, चार जोड. अशा रचनेला चार दांड्यांची यंत्रणा म्हणतात. मोटारीच्या काचेचे वायपर, खाणकामाची काही यंत्रे, जुनी वाफेची इंजिने या सगळ्यांत तिची भावंडे सापडतात. फ्रान्झ रूलो या जर्मन अभियंत्याने १८७५ मध्ये यंत्रांच्या हालचालींवर मोठा ग्रंथ लिहिला आणि अशा यंत्रणांचे धातूचे शेकडो नमुने तयार करवून घेतले. संगणक नव्हता तेव्हा ते हाताने फिरवायचे नमुनेच विद्यार्थ्यांचे सिम्युलेशन होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांचा मोठा संग्रह आजही आहे.

२. मापे ठरवू

आकडेमोड सोपी जावी म्हणून ही मापे धरू :

चौकट, म्हणजे चाकाचा मध्य ते पायडलचा अक्ष : ३०० मिलिमीटर
क्रँक, म्हणजे चाकाचा मध्य ते खिळी : ३० मिलिमीटर
जोडदांडी : २९० मिलिमीटर
पायडलची भुजा : १२० मिलिमीटर

ही मापे घेतली तर चाक पूर्ण फिरेल का? हे सॉफ्टवेअर उघडण्याआधीच कळते. त्यासाठी ग्रासहॉफ या जर्मन अभियंत्याच्या नावाचा नियम आहे. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दांडीची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा कमी असेल, तर सर्वांत लहान दांडी पूर्ण फेरा घेऊ शकते.

लहान + मोठी = ३० + ३०० = ३३०
उरलेल्या दोन = २९० + १२० = ४१०

३३० हे ४१० पेक्षा कमी. म्हणजे क्रँक पूर्ण फिरेल आणि पायडल फक्त झुलेल. आपल्याला हेच हवे आहे.

आता पायडल किती अंश झुलेल तेही काढून ठेवू. पायडल एका टोकाला असतो तेव्हा क्रँक आणि जोडदांडी एका सरळ रेषेत येतात. तेव्हा चाकाच्या मध्यापासून पायडलच्या जोडापर्यंतचे अंतर २९० + ३० = ३२० होते. दुसऱ्या टोकाला क्रँक जोडदांडीवर दुमडते, तेव्हा तेच अंतर २९० – ३० = २६० होते. दोन्ही वेळी ३०० आणि १२० या बाजू तशाच राहतात. तिन्ही बाजू माहीत असलेला त्रिकोण मिळाला, की कोन काढता येतो. अकरावी-बारावीतली मुले कोसाइनच्या सूत्राने काढतील, लहान मुले कंपासने त्रिकोण काढून कोनमापकाने मोजतील. उत्तर येते सुमारे ८८.४ अंश आणि ५९.३ अंश. म्हणजे पायडल साधारण २९ अंश झुलतो.

हा २९ आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे संगणकाची परीक्षा घ्यायला तो लागणार आहे.

३. मोकळीक म्हणजे काय?

सिम्युलेशनचा सगळा पाया इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

टेबलावर डस्टर ठेवा. तो टेबलावरून न उचलता किती प्रकारे हलवता येतो? डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे, आणि जागच्या जागी गोल. झाले तीन प्रकार. आता डस्टर हातात उचला. वर-खाली जाण्याची सोय झाली आणि आणखी दोन दिशांनी कलण्याची. एकूण सहा. या प्रत्येक प्रकाराला आपण एक मोकळीक म्हणू. हवेत सुट्या असलेल्या कोणत्याही घट्ट वस्तूला सहा मोकळिकी असतात. तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या.

जोड काय करतो? तो मोकळीक काढून घेतो. सॉफ्टवेअरमधले जोड घरातच शोधू :

बिजागरीचा जोड, म्हणजे रिव्होल्यूट : दाराची बिजागरी. फक्त फिरणे उरते, मोकळीक १.
सरक जोड, म्हणजे स्लायडर : टेबलाचा खण. फक्त सरकणे उरते, मोकळीक १.
नळीचा जोड, म्हणजे सिलिंड्रिकल : दाराची सरकती कडी. सरकतेही आणि फिरतेही, मोकळीक २.
गोलाचा जोड, म्हणजे बॉल : आपला खांदा. तीन दिशांनी फिरतो पण जागा सोडत नाही, मोकळीक ३.
पक्का जोड, म्हणजे रिजिड किंवा फिक्स्ड : वेल्डिंग केलेले भाग. मोकळीक शून्य.

आता आपल्या यंत्राचा हिशोब करू. आधी कागदावर, सपाट पृष्ठभागावर. सपाटीवर प्रत्येक भागाला तीन मोकळिकी. चौकट हलत नाही, म्हणून हलणारे भाग तीन. ३ × ३ = ९. सपाटीवर बिजागरीचा एक जोड दोन मोकळिकी काढून घेतो. जोड चार, म्हणून ४ × २ = ८. उरली ९ – ८ = १.

या एका मोकळिकीचा अर्थ असा : यंत्राच्या कोणत्याही एका भागाची जागा सांगितली, की बाकी सगळे भाग कुठे असतील ते ठरले. म्हणून या यंत्राला एकच मोटर लावायची. दोन लावल्या तर दोन बैल दोन दिशांना गाडी ओढतील आणि सॉफ्टवेअर चूक दाखवेल. एकही लावली नाही तर यंत्र हलणार नाही. जेवढ्या मोकळिकी उरतात, तेवढ्याच मोटरी. हा नियम पाठ केला तरी चालेल.

४. मांडणी, पायरी पायरीने

फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या त्याच्या १.० या आवृत्तीपासून जुळणीचे दालन त्यातच मिळते. कॉलेजात बहुधा सॉलिडवर्क्स किंवा फ्यूजन असते. बटणांची नावे वेगळी, विचार एकच. सॉलिडवर्क्समध्ये जोडाला मेट म्हणतात, बाकी दोघांत जॉइंट.

पायरी १ : चारही भाग वेगवेगळे काढा. साध्या पट्ट्या पुरतात. पट्टीची जाडी ५ मिलिमीटर ठेवा. महत्त्वाचे एकच, छिद्रांच्या मध्यांमधले अंतर वरच्या मापाप्रमाणे अचूक हवे. चाक १५० मिलिमीटर त्रिज्येचे काढा आणि मध्यापासून ३० वर खिळीचे छिद्र पाडा.

पायरी २ : चौकट जागेवर खिळवा. याला ग्राउंड करणे म्हणतात. सॉलिडवर्क्समध्ये जुळणीत पहिला आणलेला भाग आपोआप पक्का होतो, म्हणून चौकटच पहिली आणा. फ्रीकॅड आणि फ्यूजनमध्ये ते आपण सांगायचे. चौकट खिळवली नाही तर मोटर सुरू केल्यावर चाकाऐवजी सगळे यंत्रच पडद्यावर भिरभिरेल.

पायरी ३ : थर लावा. चौकट पहिल्या थरात, चाक आणि पायडल दुसऱ्या थरात, जोडदांडी तिसऱ्या थरात. सगळे एकाच थरात ठेवले तर भाग एकमेकांच्या आरपार जातात आणि सॉफ्टवेअर ब्रही काढत नाही. भाग एकमेकांना धडकतात का, हे ते आपणहून पाहत नाही. त्याची तपासणी वेगळी चालू करावी लागते.

पायरी ४ : चार बिजागरीचे जोड लावा. चौकट–चाक, चाक–जोडदांडी, जोडदांडी–पायडल, पायडल–चौकट. प्रत्येक जोड लावला की माउसने भाग ओढून बघा. हव्या तेवढ्याच दिशांनी हलतोय ना? चारही लावून झाल्यावर एकदम बघायला गेलात तर गडबड कुठल्या जोडात आहे ते सापडत नाही.

पायरी ५ : चाकाच्या जोडाला मोटर लावा. वेग मिनिटाला ६० फेरे ठेवा, म्हणजे सेकंदाला एक. वेळ २ सेकंद. चाकाचे दोन फेरे दिसले पाहिजेत.

पायरी ६ : सेकंदाला किती चित्रे घ्यायची ते ठरवा. चाक सेकंदाला ३६० अंश फिरते. सेकंदाला १० चित्रे घेतली तर दोन चित्रांमध्ये ३६ अंशांची उडी पडते. ३० घेतली तर १२ अंशांची. उडी मोठी असली की मधला गोंधळ दिसतच नाही. पंख्याची पाती कधी कधी उलटी फिरताना भासतात ना, तसा भास पडद्यावरही होतो.

आता चालवा. चाक फिरेल, पायडल झुलेल. पायडलच्या कोनाचा आलेख काढा. आलेखाची लाट ५९ आणि ८८ अंशांच्या दरम्यान खाली-वर झाली पाहिजे. वहीतला २९ आठवा. जुळला? मग मापे आणि जोड बरोबर आहेत. जुळला नाही तर पुढे जाऊ नका, आधी छिद्रांची अंतरे तपासा.

५. खरी गंमत : आता पायडलने चालवून बघू

वर आपण चाकाला मोटर लावली आणि सगळे छान चालले. पण खरी मशीन तशी चालते का? शिंपीकाका चाक फिरवत नाहीत, ते पायडल झुलवतात. मग चाकावरची मोटर काढा आणि पायडलच्या जोडाला लावा. झुलणारी, पुढे-मागे जाणारी मोटर.

तिला एकूण ३० अंश झुलायला सांगा. सॉफ्टवेअर अडकेल. कारण यंत्राची हद्द २९ च्या आसपास आहे आणि आपण अशक्य जागा मागितली.

बरं, मग २८ अंश सांगा. आता चूक दिसणार नाही. पण नीट बघा, चाक पूर्ण फिरतच नाही! थोडे पुढे जाते आणि आल्या वाटेने परत फिरते.

बरोबर हद्दीवर थांबेल असा आकडा दिला तरी सुटका नाही. त्या टोकावर क्रँक आणि जोडदांडी एका रेषेत असतात. तिथून पायडल परत फिरला, की चाकाला दोन वाटा असतात : पुढे जायची किंवा मागे. भूमितीच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. कुठली निवडायची हे सॉफ्टवेअरला भूमितीतून कळत नाही.

या जागेला डेड सेंटर म्हणतात. प्रत्येक फेऱ्यात अशा दोन जागा येतात. तिथे जोडदांडीने कितीही ढकलले तरी तो जोर थेट चाकाच्या मध्यातून जातो आणि चाकाला फिरवत नाही. आकड्यात बघू. जोडदांडीतून २० न्यूटन जोर येतो असे धरू. क्रँक आणि जोडदांडी काटकोनात असतील तर चाकाला मिळणारा पीळ २० × ०.०३ = ०.६ न्यूटन-मीटर. डेड सेंटरला तोच पीळ शून्य.

मग खरी मशीन कशी चालते? उत्तर शिंपीकाकांच्या हातात आहे. शिलाई सुरू करताना ते उजव्या हाताने वरचे छोटे चाक हलकेच पुढे फिरवतात, मगच पाय चालवतात. त्या एका झटक्यात दोन कामे होतात : यंत्र डेड सेंटरच्या बाहेर येते आणि फिरण्याची दिशा ठरते. त्यानंतर प्रत्येक फेऱ्यात डेड सेंटर आले, तरी जड लोखंडी चाक आधी मिळालेल्या वेगावर ती जागा पार करते. नवशिक्याने हात न लावता नुसता पाय मारला तर चाक कधी कधी उलटे फिरते आणि दोरा गुंततो. सॉफ्टवेअरला पडलेला पेच आणि नवशिक्याला पडलेला पेच एकच आहे.

६. गती सांगायची की जोर?

यातून सिम्युलेशनचे दोन प्रकार स्पष्ट होतात.

पहिल्या प्रकारात आपण गती सांगतो. “हा भाग असा हलतो”, एवढे सांगितले की बाकीचे भाग कुठे असतील ते सॉफ्टवेअर भूमितीने काढते. वजन, जोर, घर्षण यांचा संबंध नाही. चाकाला मोटर लावून केलेले काम हे.

दुसऱ्या प्रकारात आपण जोर सांगतो. “पायडलवर एवढा दाब आहे, चाकाचे वजन एवढे आहे”, यावरून यंत्र हलेल की नाही आणि कसे, ते सॉफ्टवेअर गणिताने काढते.

सॉलिडवर्क्समध्ये याच्या तीन पायऱ्या आहेत. ॲनिमेशन म्हणजे नुसते दाखवणे. बेसिक मोशनमध्ये वजन, गुरुत्व आणि धडक यांचा अंदाजे विचार होतो. मोशन ॲनालिसिसमध्ये जोरांचा अचूक हिशोब होतो. कॉलेजात मुले पुष्कळदा पहिल्या पायरीवरचा व्हिडिओ बनवतात आणि यंत्र तपासले असे समजतात. तो व्हिडिओ सुंदर असतो, पण पायडलने मशीन सुरू होईल का, याचे उत्तर त्यात नसते.

आपली मशीन दुसऱ्या प्रकारे मांडायची तर :

क) पायडलवरची गतीची मोटर काढून टाका. त्या जागी जोर द्या, तोही लाटेसारखा कमी-जास्त होणारा.

ख) चाकाला सुरुवातीचा वेग द्या. हा शिंपीकाकांचा हात.

ग) प्रत्येक भागाचे साहित्य नेमा. हे फार महत्त्वाचे. सॉलिडवर्क्समध्ये साहित्य नेमले नाही तर तो भाग पाण्याच्या घनतेचा धरला जातो, घनमीटरला १००० किलो. बिडाची घनता साधारण ७२०० असते. म्हणजे चाक सातपट हलके होते. समजा खरे चाक ५ किलोचे आहे आणि सगळे वजन १५० मिलिमीटरच्या कडेला आहे. सेकंदाला एक फेरा या वेगाला त्याच्यात सुमारे २.२ ज्यूल ऊर्जा साठते. सातपट हलक्या चाकात जेमतेम ०.३ ज्यूल. एवढ्याशा शिल्लकीवर डेड सेंटर पार करणे कठीण. मग मुलाला वाटते आपले डिझाइन चुकले. चुकलेले असते फक्त साहित्य.

घ) गुरुत्वाची दिशा तपासा. चित्र आडवे काढले असेल तर गुरुत्व भलत्याच बाजूला ओढेल.

च) घर्षण द्या. पायावरचा जोर काढल्यावरही चाक न थांबता फिरतच राहिले, तर घर्षण द्यायचे राहिले आहे असे समजा.

७. जोड जास्त झाले तर?

आता एक खाचखळगा. यंत्र सपाटीवर मोजले तेव्हा एक मोकळीक उरली. पण सॉफ्टवेअर तीन मितींत काम करते. तिथला हिशोब करू. हलणारे भाग तीन, प्रत्येकाला सहा, म्हणून १८. बिजागरीचा एक जोड तीन मितींत पाच मोकळिकी काढतो, चार जोड म्हणून २०. उरले १८ – २० = –२.

उणे दोन? मग यंत्र हलते कसे? कारण पडद्यावर चारही अक्ष केसाचाही फरक न होता समांतर असतात. त्यामुळे काही बंधने तीच ती गोष्ट पुन्हा सांगतात. अशा बंधनांना जादा बंधने म्हणतात. कारखान्यात छिद्रे थोडी तिरकी जाणारच. तिथे घट्ट बसवलेले चार जोड यंत्राला आवळून धरतील. जुन्या यंत्रात थोडी ढिलाई असते, म्हणून ते चालते.

नुसती हालचाल पाहायची असेल तर जादा बंधनांनी बिघडत नाही. पण जोडांवर किती जोर येतो हे मोजायचे असेल तर बिघडते. एकच ओझे चार जणांनी उचलले, तर कोणावर किती आले हे बाहेरून सांगता येत नाही. सॉफ्टवेअर काहीतरी वाटणी करते आणि आकडा छापते. त्या आकड्यावर विसंबून खिळीची जाडी ठरवली, तर ती खिळी तुटूही शकते.

उपाय सोपा आहे. जोडदांडीचे एक टोक गोलाच्या जोडाने बसवा, दुसरे नळीच्या जोडाने. गोलाचा जोड तीन मोकळिकी काढतो, नळीचा चार, उरलेल्या दोन बिजागऱ्या पाच-पाच. ३ + ४ + ५ + ५ = १७. आणि १८ – १७ = १. हिशोब जुळला.

८. संगणक नसेल तर?

आपल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत मुलांच्या हाताला संगणक क्वचितच लागतो. काही अडत नाही. वरची मापे निम्मी करा : १५ सेंटिमीटर, दीड, साडेचौदा आणि सहा. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा. चौकटीसाठी थर्माकोलच्या तुकड्यावर १५ सेंटिमीटर अंतरावर दोन ड्रॉइंग पिना टोचा. उरलेले दोन जोड पट्ट्यांना छिद्र पाडून दोऱ्याच्या गाठीने करा. पुठ्ठ्याचे चाक जरा मोठे घ्या, म्हणजे बोटांत धरता येते. पिना टोचायचे काम लहान मुलांकडून करून घेऊ नका, ते आपण करावे.

आधी मुलांना चाक फिरवायला सांगा. मग फक्त पायडलची पट्टी हलवून चाक फिरवायला सांगा. चाक अडेल, उलटे जाईल, मुले हसतील. तेव्हाच विचारा, “कुठे अडलं? तिथे दोन पट्ट्या कशा दिसतायत?” एका रेषेत आल्यात, हे मुले स्वतः सांगतात. डेड सेंटर हा शब्द नंतर सांगितला तरी चालतो, बोटाला ते आधीच कळलेले असते. असा अनुभव घेतलेले मूल पुढे कधी सॉफ्टवेअरसमोर बसले, तर पडद्यावरचे चाक फिरले एवढ्याने गप्प बसणार नाही. ते विचारेल, “पण हे फिरवतंय कोण?”

लक्षात ठेवा

• आधी वहीत हिशोब, मग पडद्यावर चित्र.
• चौकट पक्की, जोड एकेक करून, प्रत्येक जोडानंतर तपासणी.
• जेवढ्या मोकळिकी, तेवढ्याच मोटरी.
• खऱ्या यंत्राला जो भाग चालवतो, त्यालाच चालवून बघा.
• जोर मोजायचा असेल तर साहित्य, गुरुत्व, घर्षण आणि जादा बंधने तपासल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका.

स्वाध्याय

१) जोडदांडी २९० ऐवजी २०० मिलिमीटर घेतली तर चाक पूर्ण फिरेल का? ग्रासहॉफच्या नियमाने सांगा आणि पुठ्ठ्यावर करून बघा. सूचना : क्रँक दुमडल्यावर अंतर १७० होते, पण ३०० आणि १२० या बाजूंचा त्रिकोण व्हायला ते १८० पेक्षा जास्त हवे.

२) मोठ्या चाकाचा व्यास ३०० आणि वरच्या छोट्या चाकाचा ७५ मिलिमीटर आहे. दोघांवर पट्टा आहे. मोठे चाक मिनिटाला ६० फेरे घेते. छोट्या चाकाच्या एका फेऱ्याला एक टाका पडतो, तर मिनिटाला किती टाके पडतील?

३) वरच्या प्रश्नातले छोटे चाक सिम्युलेशनमध्ये सेकंदाला ८ चित्रांनी दाखवले, तर दोन चित्रांमध्ये ते किती अंश फिरेल? त्यावरून त्याची दिशा ओळखता येईल का?

४) सायकलचा पायडल आणि शिलाई मशीनचा पायडल यांत फरक काय? सायकलच्या पायडललाही डेड सेंटर असते का? सायकलवर बसून, पाय अगदी वर आणि अगदी खाली असताना जोर लावून बघा आणि वर्गात सांगा.

उत्तरे आधी मुलांना शोधू द्या.